हाडातली आई

होवाळसर डॉक्टर नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कारण निम्मी सांगली त्यांना आजही ‘होवाळ डॉक्टर’ म्हणते आणि सरांचा उभा जन्म ती चूक दुरुस्त करण्यात गेला. “आवं, मी टेक्निशियन. रक्त बघणारा माणूस. औषध मागू नका माझ्याकडं,” असं बजावायचे आणि पुढच्याच मिनिटाला त्याच पेशंटला त्याच्या रक्ताबद्दल अर्धा तास सांगत बसायचे. मग लोक डॉक्टर म्हणणार नाहीत तर काय म्हणतील?

मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली. एका दवाखान्याची तळमजल्यावरची लॅब, शेजारी एक्स-रे, समोर पेशंटांची बाकडी. मी डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून पहिल्याच नोकरीला लागले होते आणि जगातलं सगळं मला येतं अशी माझी पक्की समजूत होती. सरांनी पहिल्या दिवशी मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड लावली आणि म्हणाले, “बघ.” मी बघितलं. “नॉर्मल आहे, सर.” “व्हय. आता चार वाजेपर्यंत तीच बघ.” मला वाटलं नव्या पोरीची थट्टा चाललीय. थट्टा नव्हती. पुढचा महिनाभर त्यांनी मला एकही आजारी रक्त बघू दिलं नाही. स्वतःचं रक्त दाखवलं, अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचं दाखवलं, झाडलोट करणाऱ्या मावशींचं दाखवलं. “निरोगी माणूस तोंडपाठ झाल्याबिगर आजारी वळखू येत न्हाई,” एवढंच म्हणायचे. मी घरी जाऊन अम्मीपुढे रडले की मला एका वेड्याच्या हाताखाली टाकलंय. आता मी स्वतः नव्या पोरींना महिनाभर नॉर्मल स्लाइड बघायला लावते. त्याही घरी जाऊन माझ्या नावानं रडत असतील, रडू देत.

उंच माणूस, पण तीस वर्षं मायक्रोस्कोपवर वाकून मानेला कायमचा पोक आलेला. उजव्या हाताची तीन बोटं स्लाइडच्या रंगानं जांभळी. हातमोजे घाला म्हणून मॅडमनी शंभरदा सांगितलं असेल. मॅडम म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्ट, लॅबच्या प्रमुख. सर “व्हय मॅडम” म्हणायचे, मोजे घालायचे आणि दहा मिनिटांनी काढून ठेवायचे, कारण मोज्यातनं काच नीट कळत नाही. लग्नात पंगतीला बसले की शेजारचा माणूस ती बोटं बघून सरकून बसायचा. सर मुद्दाम त्याच्याकडे वळून म्हणायचे, “घाबरू नका, शाई हाय. आमी मतदान रोज करतो.”

गाव कडेगाव तालुक्यातलं. वडील गवंडी होते. चार भाऊ: थोरले मिलिटरीत, दुसरे ट्रकवर, तिसरे वडिलांसारखेच गवंडी आणि धाकटे हे. मी त्यांचं घरदार सांगत बसणार नाही. एवढं सांगितलं ते यासाठी की सरांचं सगळं शास्त्र याच घरातून निघालं होतं.

बाकड्यावर बसलेला कुणीही माणूस, रिपोर्ट हातात धरून भांबावलेला दिसला की सर स्टूल ओढून त्याच्यापुढे बसायचे. “रक्त कुठं तयार हुतं, म्हाईत हाय का? हाडात. नळीतला मगज खाल्लाय न्हवं? तितं. तितं एक आई बसलीया. ती दिसायला लहान, सापडायला अवघड, पण जन्मभर पोरं घालती. पोरं पडल्यावर सगळी सारखी. कोण काय हुणार, कुणाला सांगता येत न्हाई. मग घरातली हवा, शेजारपाजार, कुणाचा सांगावा आला, त्यावर ठरतं. एक ट्रकवर जातं, ती लाल पेशी, हवा वाहून न्हेती. एक मिलिटरीत जातं, ती पांढरी. एक गवंडी हुतं, कुठं भगदाड पडलं की लिंपून काढतं, ती प्लेटलेट. आणि एकदा ट्रकवर गेलं की त्याला माघारी भरतीला जाता येत न्हाई.” मी एकदा विचारलं, “आणि सर, चौथा भाऊ?” म्हणाले, “चौथा बसलाय की हितं, तिघांची हजेरी घेत.”

त्यात एक गोष्ट सांगताना मात्र ते दर वेळी थांबायचे. लाल पेशी रक्तात उतरायच्या आधी स्वतःच्या पोटातला गाभा टाकून देते. तो टाकला की तिला पुढं पोरबाळ नाही, दुरुस्ती नाही. नुसतं वाहत राहायचं आणि चारेक महिन्यांनी संपायचं. “जागा व्हावी म्हणून टाकती गं. वझं जास्त मावावं म्हणून.” शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट, तरी सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. मला तेव्हा हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

जतकडचा एक म्हातारा धनगर आठवतो. रक्त अगदीच कमी, कागदासारखा पांढरा पडलेला, सोबत सून. मॅडमनी कमरेच्या हाडातून बोनमॅरो काढायला सांगितलं तर म्हातारा हात लावू देईना. हाडातलं काढल्यावर माणूस उभा राहत नाही म्हणे. सरांनी त्याला धरून आत आणलं, मायक्रोस्कोपपुढे बसवलं आणि दुसऱ्या कुणाचातरी निरोगी मगज दाखवला. म्हातारा बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, “ही बारकी बारकी समदी एकसारखीच की.” सर म्हणाले, “त्येच तर. हीच पुढं येगयेगळी हुत्यात.” म्हातारा म्हणाला, “आमच्या मेंढरात बी असंच हाय बघा. कोकरं पडल्यावर समदी सारखी. मेंढीला तेवढं कळतंय.” आणि स्वतःहून पालथा झोपला. मॅडमनी सरांना आत बोलावून झापलं, की पेशंटला लॅबमध्ये आणायचं नाही, रिपोर्ट सांगायचा नाही, ते माझं काम आहे. सर म्हणाले, “व्हय मॅडम.” तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी स्टूल पुन्हा बाकड्यापुढे.

मला त्यांचा अभिमान वाटायचा. शिकलेली माणसं पेशंटशी बोलतात तेव्हा समोरच्याला आपण अडाणी आहोत एवढंच कळतं. सर बोलले की त्याला आजार कळायचा.

अस्मा आली ती उन्हाळ्यात. साताऱ्याकडच्या औंधची मुलगी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, वडील पिंजारी, गाद्या भरणारे. सांगलीत मामा राहतो म्हणून उपचाराला इकडे आणलेली. अंगावर काळेनिळे डाग, दात घासताना रक्त. मशीननं आकडे काढले ते बघून मला वाटलं नमुना बिघडलाय. तिन्ही पेशी कमी; लाल, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळ्याच. मॅडमनी बोनमॅरो काढला. सरांनी स्लाइड लावली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मग मला म्हणाले, “बघ.” मी बघितलं. जिथं खचाखच गर्दी असायला हवी तिथं नुसती चरबीची रिकामी गोल गोल वर्तुळं. कुठंतरी एखादी पेशी, चुकून राहिल्यासारखी. सर म्हणाले, “आईच न्हाई ऱ्हायली गं हिच्यात.”

कॅन्सर नव्हता. तिच्या हाडांनी रक्त तयार करणं जवळजवळ बंद केलं होतं. मॅडमनी पुण्याला पाठवलं, तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, वय लहान आहे, जुळणारा दाता मिळाला तर बोनमॅरो बदलू, पोरगी बरी होईल. दोन सख्ख्या भावांचं जुळलं नाही. मग नात्यातल्यांचं बघितलं, आणि जुळलं ते इरफानचं. इरफान तिच्या फुफीचा, म्हणजे आत्याचा मुलगा, साताऱ्यात गॅरेजमध्ये मेकॅनिक. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं होतात, त्यामुळे असं कधी कधी जुळून जातं. आणि हाच इरफान अस्माचा होणारा नवरा. मंगनी झालेली, बरी झाली की निकाह ठरलेला.

पुण्याची तारीख मिळाली. त्याआधी रक्त तपासायला अस्मा, तिची अम्मी आणि इरफान आले. सर इतके खूश होते की विचारू नका. त्यांनी स्टूल ओढलं. अस्माला म्हणाले, “आता तुला कळलं का, काय हुणार? ह्याच्या हाडातली आई काढून तुझ्या शिरेत सोडायची. तिला कुणी वाट सांगाय लागत न्हाई, ती आपसूक जाऊन हाडात बसती. महिन्यात पोरं घालाय लागती. मग तुझं रक्त म्हंजे ह्याचंच रक्त. गटसुदिक बदलून ह्याचाच येतो. तुमा दोघांची आई एकच झाली म्हण.”

अस्मा हसली. इरफाननं मान खाली घातली. अम्मीनं विचारलं, “म्हणजे सर, हे दोघं बहीणभाऊ झाले का?”

“झाले म्हणा की,” सर हसत म्हणाले. “सख्ख्यापरीस जवळचे.”

मी समोरच टेबलावर ट्यूबवर नंबर घालत होते. मला त्या बाईचा चेहरा दिसला. आणि मला माहीत होतं, ती काय विचारतेय. आमच्यात दोन बाळं एकाच बाईचं दूध प्यायली तर ती बहीणभाऊ होतात, पोटची नसली तरी. त्यांचा निकाह होत नाही. ती बाई मनात हिशेब घालत होती की दुधानं जर नातं बदलतं, तर हाडातल्या आईनं काय होईल.

मी बोलले नाही. का बोलले नाही, याची कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. सरांना पेशंटपुढे कसं टोकायचं. बाई घरी जाऊन कुणाला तरी विचारेलच. आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. लॅबमध्ये कुणीही बुरख्यातलं आलं की ‘परवीन, जरा बोल गं त्यांच्याशी’, ईद कधी, रोजे किती, हे सगळं मीच सांगायचं. त्या दिवशी मी म्हटलं, प्रत्येक वेळी मीच का? मी मान खाली घालून नंबर घालत राहिले.

पुण्याची तारीख टळली. आम्हाला कळलंच नाही. सर रोज म्हणायचे, “आता पोरगी ॲडमिट झाली आसंल. आता इरफानचं काढलं आसंल.” मग दोन आठवड्यांनी अस्माची अम्मी एकटीच आली, तिच्या रक्ताची ट्यूब घेऊन. मामाच्या घरीच कुणीतरी काढून दिलेली. सरांनी विचारलं, “तुमी अजून हितंच?”

अम्मी बाकड्यावर बसली. म्हणाली, “पोरगी तयार नाही, सर. घरात सगळ्यांनी सांगितलं, आधी जीव वाचू दे, लग्न दुसरीकडे करू. ती म्हणते, मला इरफान भाऊ नको. तसं असेल तर मला त्याचं काहीच नको, मी अशीच मरते.” मग तिनं दुधाचं सांगितलं, आमच्यात काय असतं ते. सर ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फ्रीज उघडून त्यात काहीतरी शोधत होते.

मॅडमना विचारायलाही ते थांबले नाहीत. एप्रन काढला, मला म्हणाले, “चल.” मामाचं घर एका कॉलनीत, पत्र्याच्या शेडपलीकडे. अस्मा खाटेवर पडली होती, डोळ्यांत रक्ताचे ठिपके, अंगात कणकण. सर खाली फरशीवर बसले.

मी त्यांना कधी अडखळताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी ते बोलायला लागले आणि दर दोन वाक्यांनंतर गप्प. ‘आई’ म्हणायचे, जीभ चावायचे, ‘मूळपेशी’ म्हणायचे. तो शब्द त्यांच्या तोंडात बसत नव्हता. “म्हंजे बघ, ती पेशी... ती काय कुणाची आई न्हाई... ती नुसती पेशी हाय... पोरं न्हाईत ती...” तीस वर्षं एकाच पद्धतीनं सांगितलेला माणूस, ती पद्धत काढून घेतल्यावर त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. मला बघवेना.

अस्मानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “सर, तुम्हीच म्हणाला होता, आई एकच झाली. तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय?”

“तवा,” सर म्हणाले. “तवा मी खोटं बोललो. सोपं करून सांगाय गेलो, पोरी. माझी चूक झाली.” आणि त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस वीस वर्षांच्या पोरीपुढे हात जोडतोय, आणि मी दाराला टेकून उभी. त्या क्षणी तरी मी बोलायला हवं होतं.

तिचा विश्वास बसेना. बरोबरच होतं; आज एक सांगतात, उद्या दुसरं. सर तिथून उठून थेट मशिदीत गेले. मी बाहेर रिक्षात बसले. मौलाना शांत गृहस्थ होते. सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, दुधाचं नातं हे तान्ह्या बाळानं अंगावर प्यायलेल्या दुधाचं. रक्त दिल्यानं, हाडातलं काही दिल्यानं नातं होत नाही, निकाहला आडकाठी नाही. हे ते स्वतः येऊन अस्माला सांगून गेले. पाच मिनिटांचं काम होतं. दोन आठवडे आधी मी एक वाक्य बोलले असते तर अर्ध्या मिनिटाचं होतं.

अस्मा हो म्हणाली. त्याच संध्याकाळी तिला पुण्याला नेलं. पण तोवर कणकणीचा ताप झाला होता. पांढऱ्या पेशी नसलेल्या अंगात बुरशी शिरली की थांबवायला कुणी नसतं. छातीत पसरली होती. तिकडचे डॉक्टर म्हणाले, आधी ताप उतरू दे, मग बोनमॅरो. इरफान अकरा दिवस त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता, कधी बोलावतील म्हणून. ताप उतरला नाही.

मॅडम म्हणाल्या, आधी गेली असती तरी असं झालं असतं, सांगता येत नाही. त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. सरांनी नुसतं “व्हय मॅडम” म्हटलं.

तिच्या मौतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर इरफान लॅबमध्ये आला. नखात ग्रीस, हातात तिचे सगळे रिपोर्ट. सरांपुढे उभा राहून म्हणाला, “सर, माझं तिला लागलं असतं का?”

सर काहीही म्हणू शकले असते. सांगता येत नाही, असं मॅडमसारखं म्हणू शकले असते. त्यांनी रिपोर्ट परत त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, “लागलं असतं.” इरफाननं मान हलवली आणि गेला. मला सरांचा राग आला. काय गरज होती, म्हटलं, पोराच्या जिवाला जन्मभराचा घोर. मी तसं बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, “त्यानं खरं इचारलं गं. एकदा खोटं सांगून बसलोय, दुसऱ्यांदा कसं सांगू?”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दोन वर्षं सर नोकरीत होते. स्लाइड बघायचे, नोंद करायचे, घरी जायचे. एखादी बाई रिपोर्ट घेऊन दाराशी यायची, “सर, जरा सांगा की काय हाय ते.” सर म्हणायचे, “डॉक्टरांना इचारा, ताई.” मॅडमना इतक्या वर्षांनी हवं तसं झालं होतं. एकदा मॅडमच मला म्हणाल्या, होवाळांना काहीतरी बोलतं कर. मी काय बोलतं करणार. मी तर नजर चुकवून वावरत होते.

मागच्या वर्षी माझ्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला त्यांच्या गावी गेले. अंगणात खाट टाकून बसले होते. अंग उतरलेलं, पण चेहरा तोच. सरांच्या बायकोनं चहा केला, शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सरांनी बहिणीचं खोदून खोदून सगळं विचारलं. मुलगा काय करतो, सासर कुठलं, पोरीला नोकरी करू देणार का. निघताना फाट्यापर्यंत सोडायला आले. एसटीला वेळ होता. रस्त्याकडेच्या दगडावर आम्ही दोघं बसलो.

सरांनी माझी पिशवी पायाशी नीट ठेवली. मग म्हणाले, “परवीन, एक इचारू?”

“विचारा की, सर.”

“ते दुधाचं. तुमच्यातलं. त्या दिवशी ती बाई इचारत व्हती, तवा तुला म्हाईत व्हतं का गं?”

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर उसाची ट्रॉली चालली होती, तिच्याकडे बघत होते. मला हो म्हणायचं होतं. इतकी वर्षं जे छातीवर घेऊन फिरत होते ते तिथं, त्या दगडावर ठेवून द्यायचं होतं.

“नाही, सर,” मी म्हणाले. “मलाही नंतरच कळलं.”

त्यांनी मान हलवली. “मीबी तेच म्हणतोय. बायको मला सारखी म्हणती, परवीनला म्हाईत आसंल. मी म्हटलं, छे. म्हाईत असतं तर पोरगी बोलली असती.”

एसटी आली. सरांनी माझी पिशवी वर दिली, आणि खालूनच कंडक्टरला सांगितलं, “मास्तर, आमच्या मॅडम हायत, जरा बसाय जागा द्या.” कंडक्टरनं मला पुढची सीट दिली आणि घंटी मारली. मी पर्समध्ये तिकिटाचे सुटे पैसे शोधत बसले. खिडकीतून बाहेर बघायची माझी हिंमत झाली नाही.